दूध, गहू, शेंगदाणा बाधतो? तरीही घरात गोड होतं

सातारा म्हटलं की कंदी पेढा आणि सांगली म्हटलं की गूळ, बेदाणा, हळद. पेढ्याला खवा लागतो, पुरणपोळीला गहू, चिक्कीला शेंगदाणा. आपलं सणाचं ताट या तीन-चार वस्तूंवरच उभं आहे. ज्या घरातल्या पोराला यातली एखादी वस्तू बाधते, तिथं सणादिवशी ते पोर कोपऱ्यात बसून राहतं. नाहीतर कुणीतरी "एवढ्यानं काय होतंय" म्हणत त्याच्या हातावर लाडू ठेवतं आणि रात्री दवाखाना गाठावा लागतो.

याला आपल्याकडे वावडं म्हणतात. मात्र सगळी वावडी एका जातीची नसतात. दूध प्यायलं की पोट फुगतं, पण ताक-दही चालतं, अशा माणसाला बहुधा दुधातली साखर पचत नाही. पण दुधाचा थेंब गेला तरी अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, ही दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. अशा मुलाला "गाईचं सोसत नाही तर शेळीचं द्या" हा सल्ला घातक आहे, कारण दोन्हींतली प्रथिनं बरीच सारखी असतात. तुपातही दुधाचा अंश उरतो. गव्हाचा सीलिॲक आजार आणखी वेगळा. त्यात आतड्यालाच इजा होते, मूल खातं पण भरत नाही, रक्त वाढत नाही. नुसता संशय आला म्हणून परस्पर गहू बंद करू नये. आधी रक्ततपासणी करावी. गहू सोडल्यावर तपासणीत खरं कळत नाही. श्वास लागला, घसा आवळला, तर घरगुती काढा करत बसू नका, १०८ ला फोन करा. हे डॉक्टरांचं काम, माझं नव्हे. माझा विषय रानात पिकतं त्याचा आहे.

आणि रानात काय पिकत नाही? महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगरात नाचणी आहे. माण, खटाव, जत, आटपाडीला ज्वारी-बाजरी. भोगीला राळ्याचा भात करायची रीत आपल्याकडे जुनी, पण आता राळे वर्षातून त्या एका दिवसापुरते आणले जातात. या कशातच गव्हातलं ग्लुटेन नाही. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, गावोगाव फलक लागले, पण ज्या घरात गहू चालत नाही त्या घराला त्याचा उपयोग कुणी समजावून सांगितला नाही, असं माझं मत आहे.

अडचण धान्यात नाही, गिरणीत आहे. गव्हाच्या पाठोपाठ आपली नाचणी टाकली की दगडात अडकलेलं गव्हाचं पीठ त्यात उतरतंच. सीलिॲकच्या रुग्णाला तेवढंही पुरतं. म्हणून माळ्यावरचं जातं खाली काढा, नाहीतर घरघंटी फक्त याच दळणाला ठेवा. आधी पायलीभर ज्वारी दळून मग आपलं टाकलं म्हणजे गिरणी स्वच्छ झाली, याची खात्री देता येत नाही. चाळण आणि परातसुद्धा वेगळीच हवी.

नाचणीचे लाडू तुपाशिवाय होतात. मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं पीठ २ वाट्या घ्या आणि अर्धी वाटी खाण्याच्या खोबरेल तेलात मंद आचेवर १० ते १२ मिनिटं भाजा. खमंग वास सुटला पाहिजे, घाई केली तर कच्चट लागतात. १ वाटी चिरलेला गूळ दोन-तीन चमचे पाण्यात वितळवून घाला, वेलदोडा आणि सुक्या खोबऱ्याचा कीस टाका, गरम असतानाच वळा. राजगिऱ्याच्या ४ वाट्या लाह्यांना वाटीभर गुळाचा पाक पुरतो. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर मऊ गोळी झाली की उतरवायचा. हाताला तुपाऐवजी पाणी लावलं तरी लाडू वळतात.

खिरीला दुधाऐवजी नारळाचं दूध घ्या. १ वाटी राळे अर्धा तास भिजवून ४ वाट्या पाण्यात मऊ शिजवा, वाटीभर गूळ विरघळवा, भांडं खाली उतरवा, मग दाट नारळाचं दूध घाला. त्यानंतर उकळी आणू नका, फुटतं. सोयाबीनचं दूधही चालतं म्हणतात आणि सोयाबीन आपल्याकडे मुबलक आहे. पण काहींना तेही बाधतं, तेव्हा पाहून घ्या.

मला विचाराल तर सगळ्यांत निर्धास्त गोड म्हणजे पातोळ्या. त्यात गहू नाही, दूध नाही, तीळ-शेंगदाणा नाही. कोकणात श्रावण-भाद्रपदात घरोघरी होतात. आपल्याकडे हळदीची रानंच्या रानं, सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं, पण पान मात्र बांधावर वाळून जातं! तांदळाचं पीठ पाण्यात सरसरीत कालवून पानावर पसरा, मधे ओलं खोबरं आणि गुळाचं सारण घाला, पान दुमडून १५ मिनिटं वाफ द्या. पानाचा वास आत उतरतो. मात्र फवारणी झालेल्या सरीतलं पान घेऊ नका. परसात चार गड्डे वेगळे लावलेले बरे.

आता गूळ आणि बेदाणा. हे दोन्ही शाकाहारी म्हणून आपण डोळे झाकून वापरतो. पण काहिलीतला फेस बसवायला काही गुऱ्हाळांत एरंडेल, तर काही ठिकाणी शेंगतेलाचे थेंब टाकतात. घरात शेंगदाण्याचं वावडं असेल तर गुऱ्हाळवाल्याला सरळ विचारावं, तो सांगतो. पिवळाधमक गूळ बहुतेक वेळा हायड्रॉसचा असतो. तासगाव, कवठेमहांकाळकडचा पिवळा बेदाणा गंधकाची धुरी देऊन चमकवतात. ज्याला दमा आहे त्याला हे गंधक त्रास देऊ शकतं. बागायतदार घरच्यासाठी बिनधुरीचा माल बाजूला ठेवतात, तोच मागून घ्या. दिसायला काळपट असतो, गोडीला कमी नाही. भिजवून वाटला की लाडवाला साखरेऐवजी चालतो.

अंगणवाडी आणि शाळेत खाऊ म्हणून शेंगदाण्याची चिक्की, लाडू वाटले जातात. खाऊ चांगलाच आहे, तो बंद करा असं कुणी म्हणत नाही. पण कुठल्या मुलाला काय बाधतं याची यादी सेविका आणि मुख्याध्यापकांकडे असली पाहिजे. पटनोंदणीच्या वेळी पालकांना एक प्रश्न जास्त विचारावा. सरपंच-ग्रामसेवकांनी हा विषय ग्रामसभेत घेतला तर दहा मिनिटांचं काम आहे. अशा मुलासाठी राजगिऱ्याचा लाडू वेगळ्या डब्यात ठेवता येतो, आणि वाटणाऱ्या हाताला चिक्कीचा चुरा नको.

बचत गटांना यात धंदा दिसतो, दिसावाच. पण विक्री करायची तर अन्न सुरक्षेची नोंदणी हवी आणि २०२० च्या लेबल नियमावलीप्रमाणे दूध, ग्लुटेनचं धान्य, शेंगदाणा, सुकामेवा, सोयाबीन, १० मिलिग्रॅम किलोमागे किंवा त्याहून जास्त सल्फाइट यांपैकी जे असेल ते पाकिटावर छापावं लागतं. "ग्लुटेनमुक्त" लिहायचं तर किलोत २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही, ते प्रयोगशाळेत तपासावं लागतं. गावच्या गिरणीतून दळून आणलेल्या पिठावर तो शब्द छापू नका. त्याऐवजी "नाचणी, गूळ, खोबरं, खोबरेल, गहू दळल्या जाणाऱ्या गिरणीत दळलेलं" असं साधं, खरं लिहा. ज्याच्या घरात वावडं आहे तो पाकीट उलटं करून तेवढंच वाचतो.