पाणी शुद्धीकरण कामगाराचे परराज्यातील प्रमाणपत्र कसे पारखावे?



वसई तालुक्यातील उमेळे आणि नायगावच्या पट्ट्यात विहिरी व बावखलांच्या गोड्या पाण्यावर केळी, पानवेल आणि भाजीपाला पिकत आला आहे. आता भोवती वस्ती वाढली असून पाण्याच्या टाक्या आणि सांडपाणी शुद्धीकरणाची संयंत्रेही आली आहेत. गुजरातची हद्द जवळ असल्याने ही कामे मागणारा उमेदवार तिकडील प्रमाणपत्र घेऊन येऊ शकतो. परराज्याचा कागद म्हणून जाणता माणूस परत पाठविला तर नुकसान आपलेच. केवळ शिक्का पाहून अजाण माणूस नेमला तर पिण्याचे पाणी बिघडते आणि नाल्यावाटे बागेपर्यंत घाण पोहोचते.

अमेरिकेत अशा कामगाराला प्रत्येक राज्य स्वतंत्र परवाना देते व दुसऱ्या राज्याचा परवाना तपासून मान्य करते. आपल्याकडे जलशुद्धीकरण चालकासाठी सर्व राज्यांना लागू असा एकच परवाना नाही. म्हणून पुढील बाबी तपासाव्यात.

१) प्रमाणपत्र कोणाचे?
राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद १९५६ साली स्थापन झाली. आय.टी.आय.चे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, मग ते वलसाडचे असो वा पालघरचे, देशभर ग्राह्य असते. पंप ऑपरेटर-कम-मेकॅनिक (१ वर्ष) आणि अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट (२ वर्षे) हे व्यवसाय या कामाला जवळचे आहेत. राज्य परिषदेच्या प्रमाणपत्राची मान्यता मूलतः त्या राज्यापुरती असते. ते असल्यास अभ्यासक्रम व अनुभव अधिक बारकाईने पाहावा.

२) कागद खरा आहे का?
झेरॉक्सवर विसंबू नये. मूळ प्रत मागावी. अलीकडील प्रमाणपत्रांची पडताळणी डिजीलॉकरवरून करता येते. जुने असल्यास संबंधित आय.टी.आय.ला पत्र पाठवावे.

३) विजेचे काम वेगळे
पंपघरातील वायरिंगसाठी आय.टी.आय. प्रमाणपत्र पुरेसे नाही. असे काम राज्य शासनाने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना असणाऱ्याकडूनच करून घ्यावे. परवाना परराज्याचा असल्यास आधी विद्युत निरीक्षक कार्यालयात विचारणा करावी.

४) हाताची पारख
उमेदवाराला विचारावे: १,००० लिटर पाण्याला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरिन द्यायचे, तर टी.सी.एल. पावडर किती लागेल? जाणकार आधी पावडरची ताकद विचारील. ३३ टक्के क्लोरिन असल्यास सुमारे ६ ग्रॅम. पावडर जुनी होऊन २० टक्क्यांवर आली असल्यास १० ग्रॅम. पावडर टाकल्यावर किमान अर्धा तास थांबावे लागते आणि शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक हवे, हेही त्याला ठाऊक असावे. सांडपाण्याच्या संयंत्रासाठी, हवा देणारा ब्लोअर बंद पडल्यास काय होते ते विचारावे. हवेवाचून गाळातील उपयुक्त जिवाणू मरू लागतात, दुर्गंधी सुटते आणि पाणी अर्धवट शुद्ध होऊन बाहेर पडते.

या कसोट्यांना उतरणारा माणूस कोणत्याही राज्याचा असो, त्याला काम द्यावे. नेमणुकीनंतर पहिला महिनाभर अनुभवी जलसुरक्षकाच्या देखरेखीखाली ठेवावे आणि क्लोरिनच्या रोजच्या तपासणीची वहीत नोंद ठेवावी.