तो ‘आपला’ होता ना!

मॅच संपल्यावर घरातल्या मंडळींचं (हल्ली आपलंही!) बोलणं जरा कान देऊन ऐका. टीम जिंकली की ‘आपण जिंकलो’. हरली की ‘हे लोक हरले’. सोफ्यावर बसून शेंगदाणे खाणाऱ्यांनी नेमकं काय जिंकलेलं असतं, हे मात्र विचारायचं नाही! रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये यावर चक्क अभ्यास प्रसिद्ध केला होता. शनिवार-रविवारी कॉलेजची फुटबॉल टीम जिंकली की सोमवारी कॉलेजचं नाव असलेले कपडे घालून वर्गात येणारी मुलं वाढायची. मॅचबद्दल बोलताना जिंकल्यावर ‘आम्ही’ आणि हरल्यावर ‘ते’, हेही त्यांना आढळलं.

हा ‘आपण’ फार गोड शब्द आहे. पण ज्याच्या जिवावर आपण ‘आपण’ म्हणत असतो, तोच उठून दुसऱ्या टीमकडे गेला तर? मग तो खेळाडू राहत नाही, थेट गद्दार होतो.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचं. ओहायो राज्यातलं, पोलादाच्या कारखान्यांवर वाढलेलं हे शहर. १९५० मध्ये तिथे नऊ लाखांहून जास्त वस्ती होती, २०१० मध्ये ती चार लाखांच्याही आत आली. कारखाने बंद पडले, तरुण मुलं दुसरीकडे गेली. १९९५ मध्ये तर फुटबॉल टीमच्या मालकाने अख्खी टीमच उचलून बाल्टिमोरला नेण्याचं जाहीर केलं. मोठ्या खेळांतलं शहराचं शेवटचं विजेतेपद १९६४ चं!

अशा शहराला बास्केटबॉलमध्ये लेब्रॉन जेम्स मिळाला, तोही शेजारच्या अॅक्रन गावचा. त्याचा जन्म झाला तेव्हा त्याची आई ग्लोरिया सोळा वर्षांची होती. तिने एकटीने त्याला वाढवलं. सतत घरं बदलावी लागायची. चौथीत त्याचे शाळेचे ऐंशीहून जास्त दिवस बुडाले होते. तो मुलगा २००३ मध्ये शाळेतून थेट क्लीव्हलँडच्या टीममध्ये आला आणि शहराने त्याला डोक्यावर घेतलं. भर शहरात त्याचं दहा मजली उंच चित्र लागलं. सगळे निघून जात असताना हा घरचा पोरगा इथेच होता.

आणि ८ जुलै २०१० ला टीव्हीवरच्या खास तासाभराच्या कार्यक्रमात त्याने जाहीर केलं, की मी मायामीला चाललोय. त्या रात्री क्लीव्हलँडच्या रस्त्यांवर त्याच्या नावाच्या जर्सी जळल्या. टीमच्या मालकाने जाहीर पत्र लिहून त्याला नको नको ते बोल लावले. ते चित्रही उतरवलं गेलं. डिसेंबरमध्ये तो मायामीकडून तिथे खेळायला आला, तेव्हा चेंडू हातात आला रे आला की अख्खं स्टेडियम हुर्यो करत होतं. त्याने ३८ गुण मिळवले, ते वेगळं.

आता गंमत बघा. टीमने खेळाडूला काढलं तर असं काही होत नाही. बोस्टनच्या आयझेया थॉमसची बहीण एप्रिल २०१७ मध्ये अपघातात गेली. दुसऱ्याच दिवशी हा टीमसाठी मैदानात उतरला. चारच महिन्यांनी टीमने त्याला दुसऱ्या टीमला देऊन टाकलं. लोकांना वाईट वाटलं, पण टीमचे झेंडे कोणी जाळले नाहीत. ‘धंदा आहे बाबा,’ म्हणून सोडून दिलं. टीमने सोडलं की तो व्यवहार, खेळाडूने सोडलं की ती बेइमानी!

आमच्या घरी सासूबाई आयपीएलच्या पक्क्या चाहत्या. एकदा अशाच एका टीम बदललेल्या खेळाडूवर त्या उखडल्या. ‘मेला पैशासाठी गेला!’ मी म्हटलं, ‘अहो आई, भावोजींनी दुप्पट पगारासाठी कंपनी बदलली तेव्हा तुम्ही पेढे वाटले होतेत.’ त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, ‘ते वेगळं गं. ती त्याची नोकरी. हा आपला होता ना!’

सासूबाईंच्या या एका वाक्यात सगळं आलं. पगार त्याला दुसरं कोणी देतं, घाम तो गाळतो, गुडघे त्याचे दुखतात. पण तो ‘आपला’ असतो. आपण त्याच्यासाठी रात्री जागलेलो असतो, त्याच्या नावाचा शर्ट मुलाला घेऊन दिलेला असतो, देव पाण्यात घातलेले असतात. एवढं केल्यावर त्याने जाण्याआधी आपल्याला विचारायला नको?

हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना? आपल्या घराघरांत ते वेगळ्या प्रसंगी ऐकू येतं. मुलगी सासरी जाते तेव्हा आपण रडतो, पण तिला बेइमान म्हणत नाही, कारण ते जाणं आपण ठरवलेलं असतं. तीच मुलगी उद्या म्हणाली, ‘मला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी मिळालीय, मी एकटी जाणार,’ की घराचा सूर बदलतो. ‘एवढं केलं तुझ्यासाठी, आमचा विचारसुद्धा केला नाहीस?’ राग जाण्याचा नसतोच. तिने स्वतःहून, आपल्याला न विचारता ठरवलं, याचा असतो.

यशस्वी जयस्वालने एप्रिल २०२५ मध्ये मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी परवानगी मागितली, तेव्हाही हेच. ‘मुंबईने घडवलं आणि हा चालला!’ पुढच्याच महिन्यात त्याने अर्ज मागे घेतला, विषय मिटला. पण हा मुलगा लहान वयात उत्तर प्रदेशातलं आपलं घर सोडून मुंबईत आला होता, आझाद मैदानातल्या तंबूत राहिला होता. तेव्हाच्या त्या सोडून येण्याचं आपण केवढं कौतुक करतो! आपल्याकडे आला की जिद्द, आपल्याकडून निघाला की कृतघ्नपणा.

म्हणजे राग येऊच नये का? तसंही नाही. जाण्याची रीत असते. घरात आधी सांगायचं की चारचौघांत, यात फरक आहे. क्लीव्हलँडच्या जिव्हारी लागलं ते त्याचं जाणं जेवढं, तेवढाच तो टीव्हीवरचा तमाशा. लेब्रॉन २०१४ मध्ये परतला, तेव्हा त्याने तसा काही कार्यक्रम केला नाही. आपण घरी का येतोय, हे एका मासिकातल्या लेखात साधेपणाने सांगितलं. २०१६ मध्ये अंतिम मालिकेत ३-१ असे मागे पडूनही त्यांनी विजेतेपद खेचून आणलं, शहराचं ५२ वर्षांतलं पहिलं! २०१८ मध्ये तो पुन्हा सोडून लॉस एंजेलिसला गेला. त्या नोव्हेंबरात पाहुणा म्हणून खेळायला आला, तर त्याच स्टेडियममध्ये लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

आपलं वानखेडे तरी काय वेगळं? हार्दिक पंड्या गुजरात सोडून मुंबईचा कॅप्टन झाला, तोही रोहित शर्माच्या जागी. मार्च २०२४ मध्ये अहमदाबादने हुर्यो केली ‘गेला’ म्हणून. १ एप्रिलला वानखेडेने केली ‘आला’ म्हणून! टॉसच्या वेळी संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. जूनच्या शेवटी त्याने वर्ल्ड कप फायनलची शेवटची ओव्हर टाकली, भारत जिंकला आणि ४ जुलैला तेच वानखेडे त्याच्या नावाचा जयघोष करत होतं. तीन महिन्यांत परका पुन्हा आपला!

तेव्हा उद्या आपला लाडका खेळाडू दुसरीकडे गेला, तर दोन दिवस खुशाल रुसावं, चार शब्द बोलावेत. प्रेम केलंय, तेवढा हक्क आहे. फक्त त्याचा शर्ट जाळू नये, घडी करून कपाटात ठेवावा. क्लीव्हलँडमध्ये ज्यांनी २३ नंबरची जर्सी जाळली, त्यांना चार वर्षांनी २३ नंबरचीच नवी विकत घ्यावी लागली असणार!