नवी पद्धत, जुनी पद्धत: राजुरीच्या पालकांनी तपासून पाहावेत असे काही समज

मे-जून उजाडला की राजुरी, आळे, बेल्हे या पट्ट्यात घरोघरी एकच चर्चा असते: पोराला कुठल्या शाळेत घालायचं? गावातल्या शाळेत पाढे म्हणून घेतात, ती जुनी. पलीकडच्या शाळेत डिजिटल फळा आहे, ती नवी. एवढ्यावर निर्णय होतो आणि वर्षभराची फी भरली जाते. मूल वर्गात नेमकं काय करतं आणि त्याचं कुठे अडतंय हे शिक्षकाला कळतं का, हे मात्र कुणी विचारत नाही. शिकणं ठरतं ते त्यावर.

समज: पारंपरिक शिकवणं म्हणजे गुरुजींनी बोलायचं आणि मुलांनी ऐकायचं.

आपली खरी जुनी शाळा पंतोजींची. तिथे धुळीवर अक्षरं गिरवायची, पावकी-निमकी-अडीचकी मोठ्याने म्हणायची आणि पुढे गेलेल्या मुलांनी मागच्यांना शिकवायचं. मुलांनीच मुलांना शिकवायची ही देशी रीत अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत पाहिली आणि इंग्लंडला नेली. आज शिक्षकांच्या प्रशिक्षणात ती नवी म्हणून सांगतात. एका वयाची मुलं, एक पाठ्यपुस्तक, ओळीने मांडलेले बाक, हा वर्ग मुख्यतः इंग्रजी अमदानीत रुजला. पंतोजींची छडी आणि मुलींना, बहुजनांना बंद असलेली दारं परत आणावीत असं कुणी म्हणणार नाही. पण जुनं सगळं एकाच रंगाचं नव्हतं.

समज: 'वीस एक' आणून मराठी संख्यावाचन मोडीत काढलं.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून मोठा गदारोळ झाला. विनोद झाले, विधानसभेतही विषय निघाला. प्रत्यक्षात पुस्तकात 'त्रेसष्ट'सारखी रूढ नावं होतीच. त्यांच्या जोडीला 'साठ तीन' अशी सोपी वाट दिली होती. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा हे वारंवार सांगितलं.

पहिली-दुसरीतल्या मुलाला 'त्रेसष्ट' लिहायला सांगून पाहा. कानावर आधी तीन पडतो, नंतर साठ. कागदावर मात्र आधी सहा लिहायचा. म्हणून बरीच मुलं 36 लिहितात. 'एकोणसत्तर' तर त्याहून अवघड: नावात सत्तर आणि लिहायचं सहाने सुरू करून. शिवाय जोडाक्षरं आहेतच. कानडीत दशक आधी बोलतात, एकक नंतर. लिहिण्याचा क्रमही तोच. ज्या मुलाला 63 म्हणजे सहा दशक आणि तीन सुटे हे उमगलं, त्याला 'त्रेसष्ट' पाठ करणं जड जात नाही. माझ्या मते गेल्या काही वर्षांत इतक्या साध्या आणि उपयोगी सुधारणेवर इतका अन्याय दुसरा झाला नाही.

समज: हाताने करत बसलं की अभ्यास बुडतो.

याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आठवड्यातला एक दिवस कामातून शिकण्याचा अभ्यासक्रम आकाराला आला: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. पत्र्याची शेड उभारायची तर उतार किती, लोखंड किती किलो, खर्च किती, हे आधी वहीत मांडावं लागतं. चूक झाली तर पत्रा पुरत नाही. लाल शाईची गरज पडत नाही. गावाला लागणारं काम मुलांनी करायचं आणि त्यातून गणित-विज्ञान शिकायचं, हे कलबागांचं सूत्र.

राजुरीपासून जवळच खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे. तिथे राष्ट्रीय विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीच्या सुमारास, भरणाऱ्या प्रदर्शनात शाळांची मुलं आपापले प्रयोग मांडतात. मुलाला जरूर न्या, आणि प्रयोग मांडणाऱ्या मुलांशी त्याला बोलू द्या.

मात्र कृती केली की शिकणं आपोआप होतं, हाही गैरसमजच. नवख्या मुलाला 'तूच शोधून काढ' म्हणून मोकळं सोडलं तर ते गोंधळून जातं. अशा वेळी फळ्यावर एक उदाहरण पायरीपायरीने सोडवून दाखवणारा शिक्षकच हवा.

समज: टॅब आला की शिक्षण सुधारतं.

पेरू देशात 319 ग्रामीण शाळांचा अभ्यास झाला. मुलांना लॅपटॉप देऊनही गणित-भाषेच्या गुणांत फरक पडला नाही. उलट वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर आपापल्या पातळीची गणितं दिली, तेव्हा गणित सुधारलं. यंत्र दोन्हीकडे होतं. मुलाच्या पातळीला जुळणारा सराव एकीकडेच होता. 'प्रथम' संस्थेची मुलांना इयत्तेऐवजी पातळीनुसार बसवण्याची पद्धत याच तत्त्वावर चालते आणि तिला महागडं काही लागत नाही.

समज: माझा मुलगा 'बघून' शिकणारा, मुलगी 'ऐकून' शिकणारी.

2008 मध्ये मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन तपासलं. अशी विभागणी करून शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा सापडला नाही.

समज: पाठांतर आणि परीक्षा म्हणजे मागासलेपणा.

पाढे तोंडपाठ असले की भागाकार करताना डोकं भागाकारावर राहतं. आणि चाचणीचं म्हणाल, तर 2006 मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे. म्हणजे दहा मिनिटांची, गुण न देणारी चाचणी हा शिकण्याचाच भाग आहे. वाईट आहे ती अर्थ न कळता केलेली घोकंपट्टी.

शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक किंवा पाल्यांचे सांभाळकर्ते असावेत असं सांगितलं आहे. येत्या बैठकीला जा. फळा कोणता घेतलात हे विचारण्याआधी विचारा: माझ्या मुलाला काय येत नाही, हे तुम्हाला कसं कळतं आणि कळल्यावर तुम्ही काय करता?