तक्रार संगणकाची, तपास आपला

प्रयोगशाळेत ओहमच्या नियमाचा प्रयोग करताना ॲमीटरसाठी तुम्ही स्वतः कपाट उघडत नाही. तुम्ही मागणी करता आणि प्रयोगशाळा-सहायक नोंदवही पाहून साहित्य टेबलावर आणून ठेवतो. वेबसाइट चालविणाऱ्या आज्ञावलीतही अशीच व्यवस्था करता येते. तिला 'डिपेन्डन्सी इंजेक्शन' म्हणतात. मार्टिन फाउलर यांच्या जानेवारी २००४ मधील लेखामुळे हे नाव रूढ झाले. येथे कोणताही घटक आपल्याला लागणारे इतर घटक स्वतः तयार करीत नाही. तो फक्त मागणी करतो. पुरवठा करणाऱ्या सहायकाला 'कंटेनर' म्हणतात.

व्यवस्था सोयीची खरी. पण बिघाड झाला की नवशिका गोंधळतो. मायक्रोसॉफ्टच्या 'एएसपी डॉट नेट कोअर' या प्रणालीत नेहमी आढळणारे तीन बिघाड आपण पाहू. समजा, शाळेच्या ग्रंथालयाची वेबसाइट आहे आणि तिच्यातील 'शोधपान' या घटकाला 'ग्रंथसूची' हा घटक लागतो.

पहिला बिघाड : संदेश येतो, 'शोधपान तयार करताना ग्रंथसूची मिळाली नाही.' विद्यार्थी लगेच शोधपान तपासू लागतो. पण त्याने तर फक्त मागणी केली! चूक बहुधा नोंदवहीत असते. ग्रंथसूचीची नोंद राहून गेलेली असते, किंवा नोंद एका नावाने आणि मागणी दुसऱ्याच नावाने झालेली असते.

दुसरा बिघाड : ग्रंथसूचीला 'देवघेव' हवी आणि देवघेवीला ग्रंथसूची हवी. पहिल्या कपाटाची किल्ली दुसऱ्यात आणि दुसऱ्याची पहिल्यात ठेवली, तर आधी कोणते उघडाल? अशा वेळी दोघांना लागणारा भाग वेगळा काढून त्याचा तिसरा घटक करावा.

तिसरा बिघाड आयुष्याचा आहे. 'सिंगलटन' घटक आज्ञावली चालू असेपर्यंत एकच असतो. 'स्कोप्ड' घटक साधारणपणे एका वाचकाच्या एका विनंतीपुरता जगतो. सिंगलटनने स्कोप्ड घटक धरून ठेवला, तर एकासाठी तयार झालेला घटक पुढे सर्वांसाठी वापरला जातो. मग एकाने नेलेल्या पुस्तकांची यादी दुसऱ्याला दिसू शकते! या चुकीची तपासणी एरवी आज्ञावली लिहिण्याच्या टप्प्यावरच चालू असते. वेबसाइट लोकांसाठी खुली झाल्यावर, मुद्दाम चालू केली नसेल, तर ती होत नाही. संदेश येत नाही. चूक मात्र तशीच राहते.

म्हणून लांबलचक संदेश पाहून घाबरू नका आणि तो बंद करण्याची घाईही करू नका. कोणी मागितले, काय मागितले, त्याची नोंद कोठे आहे आणि ते किती काळ टिकणार, हे चार प्रश्न क्रमाने विचारा. शाळेत संगणक असेल, तर चालू असलेल्या आज्ञावलीतील नोंदीची एक ओळ मुद्दाम काढा आणि येणारा संदेश शांतपणे वाचा. बिघाड ओळखायला शिकण्याचा याहून सोपा प्रयोग नाही.