गेमचं कार्ड घेताना

खामगाव, मलकापूर, चिखलीच्या मोबाइल दुकानांतून गाणी-पिक्चर भरलेलं मेमरी कार्ड घ्यायची सवय जुनी. हातातल्या गेमिंग यंत्राला मात्र कुठलंही कार्ड चालत नाही.

निन्टेन्डो स्विचमध्ये (२०१७) स्वतःची जागा ३२ जीबी. मायक्रोएसडी कार्ड २ टीबीपर्यंत चालतं. २०२५च्या स्विच २ला गेमसाठी मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं. आकार तोच, म्हणून फसगत सोपी! जुन्या कार्डावरून त्यात फक्त फोटो आणि व्हिडिओ उतरवता येतात. स्टीम डेक या दुसऱ्या यंत्राला साधं यूएचएस-१ कार्ड पुरतं. अशा कार्डाचा कमाल वेग सेकंदाला १०४ एमबी, एक्सप्रेसचा ९८५पर्यंत.

कार्डावरच्या ‘ए१’, ‘ए२’ या खुणा बारीक फायली किती झपाट्याने वाचल्या-लिहिल्या जातात ते सांगतात. ए२चा लाभ यंत्राची साथ असेल तरच. नाहीतर जादा पैसे वाया.

खरा धोका नकली कार्डाचा. ‘१ टीबी’ म्हणून मिळालेल्या स्वस्त कार्डात प्रत्यक्षात ३२ जीबीच असू शकतात. त्यातली चिप यंत्राला खोटी क्षमता सांगते आणि खरी जागा संपली की नवा मजकूर जुन्यावर चढतो किंवा हवेत विरतो. गेम उतरतो, पण चालत नाही.

स्विचवर खेळातली प्रगती यंत्रातच साठते, त्यामुळे कार्ड गेलं तरी गेम पुन्हा उतरवून तिथूनच पुढे खेळता येतो. गावाकडच्या नेटवर ५० जीबी म्हणजे रात्र गेली, एवढंच.

पक्कं बिल घ्या आणि गेम भरण्याआधी संगणकावर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ या प्रोग्रामने पूर्ण कार्ड तपासा.