रंगाचा हात, रंध्याचा हात

शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांची नोकरी निम्मी इतरांसाठी खर्च होते. स्नेहसंमेलनाचा पडदा, पाहुण्यांच्या स्वागताचा फळा, गणपतीचे मखर, वर एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांची तयारी. स्वतःच्या चित्रासाठी सलग वेळ मिळतो तो अठ्ठावन्न वर्षे पुरी झाल्यावर. मग मागच्या पडवीत इझल उभे राहते आणि एखाद्याकडे त्याच्या शेजारी करवत, पटाशी, रंधाही येऊन बसतात. चित्र दिवाणखान्यात लागते. लाकडाचा भुसा मात्र घरच्यांना नकोसा होतो. रंगाला मान आणि रंध्याला नाक मुरडणे ही केवळ घरातली गोष्ट नाही. आपल्या कलाशिक्षणाने ती रीतसर शिकवली आहे.

मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले, तेव्हा हस्तव्यवसायांना चांगले कारागीर मिळावेत हा त्यामागचा एक हेतू होता. १८९१ मध्ये तिथे लॉर्ड रे यांच्या नावाने कलाकुसरीच्या कार्यशाळा उघडल्या आणि १८९३ मध्ये ड्रॉइंग शिक्षक घडवणारा अभ्यासक्रम आला. दोन्ही गोष्टी एकाच आवारात, दोन वर्षांच्या अंतराने आल्या. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. प्रतिष्ठा तैलरंगातल्या व्यक्तिचित्राला मिळाली, कार्यशाळेतला माणूस कारागीरच राहिला, आणि गावोगावच्या शाळांत गेलेल्या मास्तरांनी ही उतरंड सोबत नेली.

सावंतवाडीला मात्र असे कप्पे पडले नव्हते. तिथल्या चितार आळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळे आणि खेळणी होत आली. लाकडाला आकार देणे आणि रंगवणे ही एकाच धंद्याची दोन अंगे. अमुक माणूस कलावंत की कारागीर, हे ठरवत बसायला तिथे कुणाला सवड नव्हती.

शिक्षकांपैकी ही भिंत सर्वांत ठामपणे ओलांडली ती के. जी. सुब्रमण्यन यांनी. जन्म केरळातला, १९२४ चा. मद्रासला अर्थशास्त्र शिकत असताना स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगवास झाला, सरकारी महाविद्यालयांची दारे बंद झाली, आणि १९४४ मध्ये ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात पोहोचले. नंदलाल बोस, बिनोदबिहारी मुखर्जी, रामकिंकर बैज हे तिथले गुरू. १९५१ पासून ते बडोद्याला शिकवू लागले. त्या वेळी चित्रकला विभागाची सूत्रे इंदूरच्या मराठी घरातले नारायण श्रीधर बेंद्रे यांच्याकडे होती. पुढे दोनेक वर्षे सुब्रमण्यन मुंबईत हातमाग मंडळावर होते. चित्रकाराने मागावरच्या नक्षीत डोके घालणे त्या काळी पुष्कळांना कमीपणाचे वाटले असते. त्यांना वाटले नाही.

बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत साठच्या दशकात जत्रा भरू लागल्या. शिक्षक आणि विद्यार्थी मिळून वस्तू करीत आणि लोकांना विकत. या जत्रांसाठी सुब्रमण्यन यांनी लाकडाची खेळणी केली. साधे आकार, त्यांना चामड्याची आणि मण्यांची जोड, आणि त्यातून उभे राहिलेले प्राणी नि माणसे. त्यांत सुताराच्या कसबाची बढाई नाही. लाकडाचा तुकडा फार बदलायचा नाही, फक्त योग्य जागी जोडायचा, आणि तो डोळे वटारून बघू लागतो. मला ही खेळणी त्यांच्या काही मोठ्या चित्रांपेक्षाही अधिक आवडतात. त्यांच्या कॅनव्हासवर पुढे जी मांजरे, देव्या आणि अर्धे पशू अर्धी माणसे गर्दी करतात, त्यांचे मूळ मला या खेळण्यांत दिसते.

१९८० मध्ये ते कलाभवनात प्राध्यापक म्हणून परतले आणि १९८९ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतरची सत्तावीस वर्षे वेळापत्रकाविना गेली, कामाविना नाही. काचेच्या किंवा अ‍ॅक्रिलिकच्या मागच्या बाजूने रंगवलेली चित्रे, मुलांसाठी पुस्तके, कलेवरचे निबंध. २००९ मध्ये, पंचाऐंशीव्या वर्षी, कलाभवनातल्या एका इमारतीच्या बाहेरच्या भिंतींवर त्यांनी काळ्या-पांढऱ्यात भित्तिचित्र केले. २०१६ मध्ये बडोद्यात ते गेले, तोवर हात चालूच होता.

सगळ्यांनी लाकडाकडे वळावे असे अर्थातच नाही. बेंद्रे १९६६ मध्ये बडोदा सोडून मुंबईला आले आणि रंगांच्या ठिपक्यांत रमले. जे. जे.चे प्रल्हाद अनंत धोंड जलरंगातल्या समुद्राशी एकनिष्ठ राहिले आणि ‘रापण’सारखे आठवणींचे पुस्तक देऊन गेले.

पण ज्यांनी रंधा उचलला आहे, त्यांचे काम जरा कठोरपणे पाहायला हवे. काष्ठशिल्पाच्या नावाखाली मुळात मोर आणि फांदीत गणपती शोधून वर चकचकीत पॉलिश चढवण्याची आपल्याकडे साथ आहे. त्यात शोधले ते निसर्गाने केलेले, आणि मास्तरांनी केले ते फक्त पॉलिश. दुसरी खोड खास चित्रकाराची. सागाच्या अंगावर सुरेख रेषा असताना तो तीवर जाड रंग फासतो. लाकूड ओले असेल तर वाळताना तडकते, रेषेच्या उलट रंधा मारला तर पापुद्रे उपटते. चित्रात चुकलेला रंग झाकता येतो. पटाशीने गेलेले परत येत नाही. ही शिस्त चाळीस वर्षे कागदावर घालवलेल्या हाताला साठीत शिकावी लागते. जे शिकतात त्यांच्या चित्रांतही फरक पडतो: आकार घट्ट होतात, उगाचची छायाप्रकाशाची कारागिरी गळते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची सूचना आहे. त्या दिवसांत त्यांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांबरोबर काम करावे, असे त्यात म्हटले आहे. मुख्याध्यापकांनी यासाठी लांब शोधाशोध करू नये. गावातल्या निवृत्त ड्रॉइंग सरांना आणि त्यांच्या शेजारच्या सुताराला एकत्र बोलवावे, दोघांना सारखेच मानधन द्यावे, आणि मुलांच्या हातात कागदाबरोबर लाकडाचा एक तुकडाही ठेवावा.