फ्रेटांवरची कानस

सुट्या भागांतून बेस गिटार जोडता येते, याचे मूळ त्या वाद्याच्या रचनेतच आहे. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथून १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या ‘प्रिसिजन बेस’ची दांडी व्हायोलिनसारखी सरसाने चिकटवलेली नव्हती; ती भरीव लाकडाच्या बॉडीत कोरलेल्या खोबणीत बसवून मागून चार स्क्रूंनी आवळलेली होती, आणि त्यामुळे दांडी, बॉडी व विजेची जोडणी ही कामे वेगवेगळ्या बाकांवर करून शेवटी सगळे एकत्र आणणे कारखान्याला सोपे गेले. आज मिळणारी किटे हीच विभागणी ग्राहकाच्या घरापर्यंत आणतात. खोक्यात खोबणी कोरलेली बॉडी, फ्रेट ठोकलेली दांडी, तारा ताणण्याच्या चार खुंट्या, धातूची घोडी, तारांचा कंप टिपणारे चुंबकी पिकअप, आवाज कमीजास्त करणाऱ्या कळा आणि तारांचा संच असतो. सुतारकामाची बरी सवय असलेल्या माणसाला हे भाग जोडून तारा चढवायला फारसा वेळ लागत नाही. मात्र जोडलेली वस्तू वाद्य म्हणून कितपत वाजेल, हे दांडीवर आडव्या बसवलेल्या वीस-एकवीस धातूच्या पट्ट्यांवर ठरते, आणि किटबरोबरच्या माहितीपत्रकात नेमकी याच कामाला सर्वांत कमी जागा दिलेली असते.

फ्रेट म्हणजे सतारीच्या पडद्याचेच काम करणारी, पण कायमची ठोकलेली पट्टी. तिच्या किंचित मागे तार बोटाने दाबली की ती पट्टीवर टेकते आणि तेथून घोडीपर्यंतचा भागच कंप पावतो. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्यामुळे रागानुसार सरकवता येतात. गिटारच्या फ्रेटला ती मुभा नसल्याने त्याची जागा आधीच हिशेबाने ठरवावी लागते. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडायचे, तर तारेची उरलेली लांबी प्रत्येक फ्रेटला १.०५९४६३ या संख्येने भागत जावी लागते. प्रिसिजन बेसची तार नटपासून, म्हणजे दांडीच्या टोकाशी असलेल्या खाचांच्या पट्टीपासून, घोडीपर्यंत ३४ इंच किंवा ८६३.६ मिलिमीटर असते. त्या हिशेबाने पहिला फ्रेट नटपासून ४८.५ मिलिमीटरवर येतो, तर एकोणिसाव्या आणि विसाव्या फ्रेटमध्ये जेमतेम १६.२ मिलिमीटर उरतात. गॅलिलिओचे वडील, ल्यूटवादक विन्चेन्झो गॅलिलेई यांनी १५८१ मध्ये छापलेल्या ग्रंथात उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडत जाण्याचा सोपा नियम सांगितला होता, आणि तो वाद्यकारांनी दीर्घकाळ वापरला. पण बेसच्या लांबीवर त्या नियमाने बारावा फ्रेट तारेच्या मध्यापासून सुमारे ३ मिलिमीटर अलीकडेच येतो, आणि एवढा फरक कानाला सहज कळतो. किटमधल्या खाचा यंत्राने कापलेल्या असल्याने अशी चूक आता क्वचितच आढळते. फ्रेटांची जागा बरोबर असते, गोंधळ असतो तो उंचीचा.

जोडणीचा भाग थोडक्यात उरकण्यासारखा आहे. दांडी खोबणीत तात्पुरती बसवून दोन्ही कडांच्या तारांच्या जागी दोरे ताणावेत आणि ते दांडीच्या कडांपासून सारखे अंतर राखून घोडीच्या मध्याशी जुळतात की नाही हे पाहूनच स्क्रूंसाठी भोके पाडावीत, कारण एकदा तिरपे पडलेले भोक लाकडाची खुंटी ठोकून बुजवल्याशिवाय सुधारता येत नाही. घोडीची जागाही छापील खुणेवर न सोपवता नटपासून मोजावी, आणि तारेला आधार देणारे सॅडल मागे सरकायला वाव ठेवावा. जाड तार दाबल्यावर थोडी ताणली जाते, तिला स्वतःचा ताठरपणाही असतो, त्यामुळे तिची लांबी हिशेबापेक्षा जराशी जास्त ठेवावी लागते. विजेच्या तारा झाळताना घोडीला जोडणारी अर्थिंगची तार विसरली, तर तारेला हात लावला तरी वाद्य गुणगुणत राहते.

दांडी बहुधा मेपलची आणि तिच्यावरचा फिंगरबोर्ड गडद लाकडाचा असतो. या फिंगरबोर्डसाठी जगभर नावाजलेले लाकूड म्हणजे सह्याद्रीतही वाढणारा शिसव. २ जानेवारी २०१७ पासून या वृक्षाच्या संपूर्ण प्रजातीच्या (genus) आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे बंधन आले, आणि स्वस्त गिटारांचे उत्पादक इतर लाकडांकडे वळले. ‘इंडियन लॉरेल’ या व्यापारी नावाने जे लाकूड तेव्हापासून अनेक दांड्यांवर दिसू लागले, तो आपल्याकडचा ऐन; इमारतीच्या लाकडात त्याला सागाच्या खालचे स्थान मिळत आले असले, तरी कठीणपणात तो फिंगरबोर्डला कमी पडत नाही.

फ्रेटची तार जर्मन सिल्व्हरची, म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रधातूची असते; नावाप्रमाणे चांदी तिच्यात अजिबात नसते. तिचा आडवा छेद छत्रीसारखा दिसतो: वर गोलसर माथा आणि खाली बारीक दातेरी जिभळी, जी सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या खाचेत दाबून बसवतात. घाईने दाबलेल्या फ्रेटचे एखादे टोक खाचेबाहेर राहते, मधला भाग नीट टेकत नाही, आणि हे दोष डोळ्यांना दिसत नाहीत. लाकडाची ओल ही त्यापुढची अडचण. दमट हवेत तयार झालेली दांडी कोरड्या हवेत आली की फिंगरबोर्ड रुंदीत आकसतो, धातू मात्र आकसत नाही, आणि फ्रेटांची टोके कडेबाहेर येऊन तळहाताला टोचू लागतात. म्हणून नवी दांडी आल्याबरोबर कानस हाती घेण्यापेक्षा ती काही आठवडे त्याच घरात पडू द्यावी.

घासण्याआधी दांडी सरळ करावी लागते. तिच्या पोटात ट्रस रॉड नावाची पोलादी सळई असते; ती आवळली की तारांच्या ओढीने पुढे वाकणारी दांडी मागे ओढली जाते. गिब्सन कंपनीत थॅडियस मॅकह्यू यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ही युक्ती आणली, आणि तिच्याशिवाय चार तारांचा मिळून सुमारे ८० किलो वजनाइतका ताण बेसच्या लांब, सडपातळ दांडीला पेलणे अवघड झाले असते. फ्रेटांच्या जागी खाचा असलेली पोलादी पट्टी थेट लाकडावर ठेवून, पाव-पाव फेऱ्याने सळई फिरवत फिंगरबोर्ड सरळ झाला, की तीन फ्रेटांवर बसेल एवढी आखूड पट्टी दांडीभर फिरवून पाहतात: ती डुगडुगली तर मधला फ्रेट उंच आहे. तो हातोडीच्या हलक्या ठोक्याने खाली बसतो का, हे आधी पाहावे आणि सैल असेल तर खाचेत पातळ सायनोॲक्रिलेट गोंद सोडून दाबून धरावे. सैल फ्रेट घासून समतल केला, तर तो पुढे स्वतःहून खाली बसतो आणि मग शेजारचे फ्रेट उंच ठरतात.

आता लाकडावर मास्किंग टेप लावून फक्त धातू उघडा ठेवतात आणि प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर काळ्या मार्करची शाई फासतात. सपाट पोलादी दांड्याला ३२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून, हाताचे वजन न टाकता, दांडीच्या लांबीच्या दिशेने तो फिरवला की उंच फ्रेटांवरची शाई आधी जाते आणि बुटक्यांवरची तशीच राहते. प्रत्येक फ्रेटवर कडेपासून कडेपर्यंत थोडी तरी शाई उडाली, की थांबायचे असते. फिंगरबोर्ड आडवा सपाट नसून एखाद्या मोठ्या वर्तुळाच्या तुकड्यासारखा फुगीर असतो, आणि जुन्या फेंडर वाद्यांत त्या वर्तुळाची त्रिज्या ७.२५ इंच असे. त्यामुळे दांडा नेहमी तारेच्या मार्गाने, किंचित पसरत जाणाऱ्या रेषांवरून फिरवावा लागतो. बॉडीला जोडलेले दांडीचे टोक वर उचलले जाण्याकडे कल असल्याने शेवटचे काही फ्रेट मुद्दाम जरा जास्त घासतात. येथे काढला जाणारा धातू मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. मूळ माथाच एका मिलिमीटरच्या घरातला, त्यामुळे उतावीळ हाताला येथे क्षमा नाही.

समतल केलेल्या फ्रेटचा माथा सपाट होतो, आणि कामाचा खरा कस यापुढे लागतो. तार एका रेषेवर टेकायला हवी. ती दोन मिलिमीटर रुंदीच्या पठारावर टेकली, तर घोडीकडच्या काठावरून सुटते आणि स्वर किंचित चढतो. अर्धस्वराचे शंभर भाग केले की त्यातल्या एकाला सेंट म्हणतात; एक मिलिमीटरची ही चूक पहिल्या फ्रेटवर सुमारे २ सेंट, तर विसाव्यावर ६ सेंटांहून थोडी अधिक होते. त्याहून त्रासदायक म्हणजे पठारावरून सुटताना तार त्याला पुन्हा पुन्हा शिवते आणि स्वराबरोबर झणझण उठते. सतारीत आणि तंबोऱ्यात हीच झणझण हवी असते. मिरजेचे कारागीर रुंद घोडीचा माथा अशा उताराने घासतात की तार तिच्यावरून अलगद सुटावी आणि त्या स्पर्शातून वरचे स्वरांश फुटावेत. यालाच जवारी काढणे म्हणतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत निघालेल्या कोरल इलेक्ट्रिक सितारने रुंद घोडी बसवून तोच नाद गिटारीत आणला. बेसमध्ये मात्र जवारी घालवायची असते: माथ्यावर पुन्हा शाई लावून, अंतर्गोल तोंडाची कानस फ्रेटच्या दोन्ही उतारांवर चालवतात आणि मध्यभागी शाईची केसाएवढी रेघ उरली की सोडतात. ती रेघ पुसली गेली, तर समतलपणाचे आधीचे सारे श्रम त्या जागी वाया जातात.

टोकांना बाहेरच्या बाजूने तिरपी कानस आणि मग कोपऱ्यांना हलका गोलवा दिला, की उरते ते चकाकी देण्याचे काम: ६०० पासून २००० पर्यंतचे पॉलिश पेपर आणि शेवटी बारीक स्टील वूल. या लोकरीचे कण चुंबकाला चिकटतात, म्हणून पिकअप झाकून ठेवणे बरे. हे सोपस्कार केवळ शोभेसाठी नसतात. खरखरीत फ्रेटवर तार आडवी ओढली की तिचा घसारा बोटालाच नव्हे, ध्वनिवर्धकातही जाणवतो.

तारा चढवल्यावर पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्याजवळ तारेखाली ०.३ मिलिमीटरची फट राहील एवढी दांडी पुन्हा वाकू देतात, कारण जाड तारेचा कंप मध्यावर सर्वांत रुंद असतो आणि त्याला तेथे जागा लागते. सतराव्या फ्रेटपाशी सर्वांत जाड तारेची उंची सुमारे २.४ मिलिमीटर ठेवली, की बहुतेक हातांना ते मानवते. मग चारही तारा प्रत्येक फ्रेटवर वाजवून पाहायच्या, आणि जेथे कुरकुर उरली असेल तेथे पुन्हा आखूड पट्टी, शाई आणि कानस.

तारा बनवणाऱ्या रोटोसाउंड कंपनीने १९६६ मध्ये ‘द हू’ या रॉक बँडचा बेसवादक जॉन एंटविसल याच्याबरोबर घडवलेल्या गोल वेटोळ्यांच्या तारांनी बेसचा आवाज उजळ केला, पण त्याच तारा फ्रेट लवकर झिजवतात. बेसवादक जॅको पास्टोरियसने फ्रेट काढून टाकलेल्या आपल्या १९६२ च्या जॅझ बेसच्या फिंगरबोर्डवर नौकांसाठी वापरतात तो इपॉक्सीचा थर दिला होता, तो याच तारांनी लाकूड खाऊ नये म्हणून. फ्रेट असलेल्या दांडीवर दर काही वर्षांनी समतल करण्याचे काम पुन्हा करावे लागते आणि प्रत्येक वेळी माथा बुटका होत जातो. शेवटी तार लाकडाला लागू लागली, की सगळे फ्रेट उपटून नवे ठोकण्याशिवाय गत्यंतर नसते. त्या वेळी स्टेनलेस पोलादाचे फ्रेट घालण्याचा मोह होतो. ते फार टिकतात, पण त्यांवर साधी कानस लवकर बोथट होते आणि हिरकणीचा थर दिलेली घ्यावी लागते. तो खर्च स्वस्त किटच्या किमतीशी ताडून पाहिला, तर जर्मन सिल्व्हरच परवडते.